ह्य

फ्लोरोमधल्या कानांच्या दवाखान्यात
ती तिसऱ्यांदा मशीन घेऊन आली आहे.
'बिघडलंय,' म्हणते. 'सीगल ऐकू येतात,
छतावरचा पाऊस येतो, फ्रिजची घरघरसुद्धा.
फक्त माझं नाव येत नाही.'

नाव ह्येलाउग.
पहिलं अक्षर म्हणताना जीभ टाळूला टेकत नाही,
नुसती जवळ जाते, आणि उरलेल्या फटीतून
वारा निघतो, दाराखालून निघावा तसा.
आपण घाईत 'ह्या बाजूला' म्हणतो ना,
त्यातला ह्य. जरा जास्त घासलेला.

आउडून तिला काचेच्या खोलीत बसवतो.
हातात बटण. शिट्टी आली की दाबायचं.
बारीक शिट्ट्या, पार वरच्या,
अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी सहसा निसटणाऱ्या,
त्याही ती मशीन लावून पकडते.
आलेख पाहून तो मान हलवतो. चांगला आहे.

तरी बाहेर काउंटरवरून थेआ पुकारते
'शेलाउग!'
आणि ही जागची हलत नाही.
'शेल' म्हणजे इथे शिंपला.
असेल कुणी शिंपलाबाई, उठेल ती.

छत्तीस साली जन्मली तेव्हा नाव असं एकटं नव्हतं.
वर्गात तीन ह्येलाउग:
दीपगृहाची, गिरणीवाल्याची,
आणि ही, केसांमुळे तांबडी.
मास्तरांनी नुसता ह्य काढला
की तीन माना वर.
बंदरात त्याच नावाची एक बोट होती,
तिला हेरिंगचा वास यायचा, आणि मुलं
तो वास तिघींनाही लावायची.

मग लोक बारशाला दुसरी नावं घेऊन येऊ लागले,
आखूड, हलकी,
परक्या विमानतळावर अडकणार नाहीत अशी.
आकडेवारीच्या कागदावर तिच्या नावाची रेघ
टेकडीसारखी चढते, उतरते,
आणि समुद्रसपाटीला जाऊन आडवी पडते.
यंदाच्या मुलींत शून्य.
किंवा इतक्या थोड्या, की छापत नाहीत.

थेआ एकवीस वर्षांची. तिचा काय दोष.
तिच्या शाळेत सिनेमाला सगळे 'शीनो' म्हणत,
'ह्यीनो' म्हणणारा एकच होता, आणि त्याला हसत.
आउडूनची लेक इल्वाही तशीच बोलते.
आधी तो टोकायचा.
परवा दुकानात त्याच्याच तोंडून श निसटला
आणि त्याने इकडेतिकडे पाहिलं.
(आपला ष असाच गेला की.
षट्कोन लिहितो, शट्कोन म्हणतो,
सुतकसुद्धा पाळलं नाही कुणी.)

तो उगीच बॅटरी बदलतो.
मग खुर्ची ओढून समोर बसतो, सांगतो:
तुमचे कान ठीक आहेत.
बाहेर तो आवाजच राहिला नाही.

ती बराच वेळ हातमोजे सरळ करते.
'आमचे पाद्री सांगायचे,' ती म्हणते,
'हे नाव आधी केतिल होतं. किटली, हंडा, तसलं काहीतरी.
क होता पुढे. चांगला कडक,
भांड्यावर डाव आपटावा तसा.
तो कुणी मऊ केला, कोण जाणे. आम्हीच केला असेल.
तेव्हाही बसली असेल एखादी म्हातारी
"के" कधी येतो याची वाट बघत.
उठलीच नसेल.'
आणि हसते, पण थोडंच.

कोट घालून ती काउंटरशी येते.
पुढच्या तारखेच्या कार्डावर थेआ नाव लिहिते,
एकही अक्षर न चुकता, तो जुना क सुद्धा,
जो आता कुणीच उच्चारत नाही.
मग वर बघून विचारते,
'शेलाउग, बरोबर ना?'

इकडची माणसं कधीकधी 'हो' म्हणताना
श्वास बाहेर सोडत नाहीत, आत ओढतात.

तशी ती म्हणते, हो.